डिजिटल समासात मुलांना लिहायला लावताना

मॅडम, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ऐरोलीत ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवता, तुकडीत पंचाहत्तर पोरं, धडा वाचला का विचारलं की सगळे हो म्हणतात आणि एखाद्या वाक्यावर बोट ठेवून याचा अर्थ काय विचारलं की शांतता. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की हायपोथेसिस, पेरुसॉल, कामी असली ॲनोटेशन टूल्स वापरा, मुलं स्क्रीनवर उताऱ्याला खुणा करतील, बाजूला कमेंट लिहितील आणि वाचन आपोआप खोल होईल. आता यातलं कुठलं घ्यायचं, मराठीला चालतं का, फोनवर जमतं का, आणि "परत मोबाइल कशाला" म्हणणाऱ्या पालकांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवतोय आणि हे प्रकार सगळे करून बघितलेत, त्यामुळे सरळ सांगतो, गूगल डॉक्सने सुरुवात करा. फुकट आहे, बहुतेक पोरांचं जीमेल असतंच, मराठी नीट चालतं, फोनवर ॲप आहे. बाकी टूल्सबद्दल पुढे बोलतो पण त्यात फार अडकू नका. "आपोआप खोल होईल" हे जे तुम्हाला कुणी सांगितलं ना ते काही खरं नाही, काहीच आपोआप होत नाही. या सगळ्याचा पहिला फायदा आपल्याला होतो, तो म्हणजे तास सुरू व्हायच्या आधी आपल्याला दिसतं की पोरं कुठल्या ओळीवर अडलीयत. तो तास तिथून सुरू केला तर पोरांना फायदा, नाही केला तर नुसतं एक जास्तीचं होमवर्क झालं.

पहिलं काम म्हणजे हायलाइट बंद करा. खरंच सांगतो, पिवळा रंग दिसला की मुलांना वाटतं अभ्यास झाला, आणि पान होळी खेळून आल्यासारखं दिसायला लागतं. २०१३ साली जॉन डनलॉस्की हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं होतं, त्यात हायलाइट करणं, अधोरेखित करणं हे कमी उपयोगाच्या गटात गेलं, नुसतं परत परत वाचणंही तिथेच. वर आले ते स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडा थोडा दिवसांत विभागून करणं. "हे असं का आहे" असं स्वतःला विचारत वाचणं मधल्या गटात होतं, म्हणजे बऱ्यापैकी. म्हणून माझ्या वर्गात नियम एवढाच की खूण केली तर बाजूला निदान एक पूर्ण वाक्य पाहिजे, आणि "छान", "महत्त्वाचे", "आयएमपी" ही वाक्यं धरली जाणार नाहीत. उताऱ्याला जास्तीत जास्त तीन खुणा. मर्यादा घातली की निवड करावी लागते आणि निवड करायची म्हणजे वाचावंच लागतं.

आता प्रत्यक्ष कसं करतो ते एका उताऱ्यावर सांगतो. मी दरवर्षी सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेने करतो. पहिलीपासून प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत ती छापलेली असते, शाळेत पोरांनी ती शेकडो वेळा म्हटलेली असते आणि वाचलेली कुणीच नसते. शिवाय छोटी आहे, आणि गंमत म्हणजे ते अख्खं एकच वाक्य आहे, कर्ता "आम्ही, भारताचे लोक" पहिल्या ओळीत आणि क्रियापद "अर्पण करत आहोत" पार शेवटी, मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता असा सगळा पसारा. मराठीचा शिक्षक म्हणून यापेक्षा चांगला उतारा मिळणार नाही.

डॉक बनवताना मजकूर टाईप करून टाकतो, अक्षर मोठं, ओळींमध्ये मोकळी जागा आणि प्रत्येक अर्धविरामाला नवी ओळ. हे फोनसाठी फार गरजेचं आहे, दाटीवाटीच्या परिच्छेदात बोटाने बरोबर शब्द पकडता पकडता पोरं वैतागतात आणि अख्खा परिच्छेदच सिलेक्ट करून मोकळी होतात, मग कमेंट नक्की कशावर आहे तेच कळत नाही. डॉकच्या वर दोन ओळींत काम लिहिलेलं असतं. पहिलं, देणारं कोण आणि घेणारं कोण ते शोधून त्या शब्दांवर कमेंट करा. दुसरं, जिथे अडलात तो शब्द धरून "अडलो" किंवा "अडले" लिहा आणि का अडलात ते सांगा. बास. "तुम्हाला काय वाटते ते लिहा" असं कधीही लिहू नका, त्याला उत्तर म्हणून निबंधाचे गाइडमधले परिच्छेद येतात.

पंचाहत्तर जणांना एक डॉक कधी देऊ नका. बाजूला कमेंटची अशी रांग लागते की मूळ मजकूर बिचारा कोपऱ्यात जातो. मी पाच-सहा जणांचे गट करतो, प्रत्येक गटाला वेगळी कॉपी. आणि त्याच्याही आधी, गूगल क्लासरूम असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रत मिळते ती सोय वापरून पहिलं वाचन एकट्याने करायला लावतो, मगच गटाचं डॉक उघडतो. याचं कारण तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल, गटात पहिल्या हुशार पोरीने काही लिहिलं की खाली चार जण "मला पण असंच वाटतं" लिहून मोकळे.

मागे एकदा एकाने "स्वतःप्रत" या शब्दावर लिहिलं होतं, "सर देणारे पण आम्ही आणि घेणारे पण आम्हीच, मग या वाक्यात सरकार कुठेय?" आता हा प्रश्न मी फळ्यावर लिहून दिला असता तर कुणी मान वर केली नसती. पण तो त्यांच्यातल्याच एकाचा होता, त्यामुळे त्याच्याखाली उत्तरं आली, बहुतेक चुकीची, पण आली. दुसऱ्या गटात एका मुलीने "प्रवर्धित" वर अडले लिहिलं, आधी नुसता अर्थ विचारला होता, मग दोन दिवसांनी तिनेच खाली लिहिलं की न्याय, स्वातंत्र्य, समानता "प्राप्त करून देण्याचा" निर्धार आहे आणि बंधुता मात्र "प्रवर्धित करण्याचा", असं वेगळं का? एक जण म्हणाला वाढवायची म्हणजे थोडी तरी आधीच असणार असं धरलंय. दुसरा म्हणाला बंधुता कायदा करून देता येत नाही, जीआर काढून थोडीच होते. मी काहीच न बोलता ते तसंच प्रोजेक्टरवर लावलं आणि अख्खा तास त्याच्यावर गेला. माझी टिपणं तशीच राहिली टेबलावर, राहू देत.

पुढच्या वेळी त्याच डॉकमध्ये खाली मूळचा, म्हणजे १९४९ ला स्वीकारलेला मजकूर ठेवतो आणि दोन्हीत काय फरक आहे ते शोधायला लावतो. "समाजवादी", "धर्मनिरपेक्ष" हे शब्द आणि "एकात्मता" १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, हे पोरांनी इतिहासात पाठ केलेलं असतं पण दोन मजकूर शेजारी ठेवल्यावर पहिल्यांदा दिसतं. आणि मग दर वर्षी कुणीतरी एक जण तारखेवर खूण करतोच, की शब्द १९७६ चे आणि खाली तारीख २६ नोव्हेंबर १९४९, असं कसं. हा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्या याचिका फेटाळल्या, हे त्यांना सांगितलं की सोळा वर्षांच्या पोराला आपण काहीतरी मोठं पकडलं असं वाटतं. वाटू द्यावं. चर्चा राजकारणाकडे घसरायला लागली की मी एकच वाक्य म्हणतो, "ओळ दाखव." ज्याला ओळ दाखवता येत नाही त्याने पुढच्याला बोलू द्यायचं.

तर मूळ पद्धत ही. आता मराठीची अडचण, जी या टूल्सची माहिती देणारा कुणी सांगत नाही कारण ती इंग्रजीवाल्यांना येतच नाही.

तुम्ही एखाद्या जुन्या मासिकाची, दिवाळी अंकाची, नाहीतर कुठल्या संस्थेने काढलेल्या पुस्तिकेची पीडीएफ घेतलीत, तिच्यावर खूण करायला गेलात की सिलेक्शन भलतीकडेच उडी मारतं, किंवा सिलेक्ट होतं पण कमेंटमध्ये मूळ वाक्याच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारण असं की युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणारं टायपिंग, ते रुळायच्या आधीचं आणि छपाईच्या दुनियेत बऱ्यापैकी आजही चालणारं टायपिंग श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फाँटमध्ये असतं. त्यात डोळ्याला "क" दिसतो पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे कुठलंतरी रोमन अक्षर असतं. ॲनोटेशन टूलला तर शब्द पकडूनच खूण ठेवायची असते, तो शब्दच आत नाही म्हटल्यावर ते काय करणार. स्कॅन केलेल्या पानांचं आणखी वेगळं, तिथे अक्षरं नसतातच, नुसता फोटो.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. नीट मराठी दिसलं तर पीडीएफ चालेल, कचरा दिसला तर नाही. मग ती पीडीएफ किंवा पानाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर टाका आणि कॉम्प्युटरवरून राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा, ते स्वतःच अक्षरं ओळखून खाली मजकूर देतं. मराठी बऱ्यापैकी ओळखतं पण रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांत गडबड करतं, दोन कॉलमचं पान असेल तर ओळी एकमेकांत घुसतात. म्हणून अख्खं पुस्तक करायच्या भानगडीत पडू नका, एका वेळी अर्धं-एक पान. आणि हे तपासायचं काम मी सरळ पोरांकडे देतो, मूळ पानाचा फोटो आणि मशीनने ओळखलेला मजकूर शेजारी ठेवायचा आणि चुका पकडायला सांगायच्या. चुका शोधायच्या म्हणून ती पोरं शब्द न् शब्द वाचतात, जे एरवी शंभरदा सांगून करत नाहीत.

मजकूर कुठून आणायचा तर मराठी विकिस्रोतावर जुनं, कॉपीराइट संपलेलं बरंच लेखन युनिकोडमध्ये आहे, ते थेट कॉपी करता येतं. आणि ठाण्यात कधी आलात तर मराठी ग्रंथसंग्रहालयात चक्कर मारा, १८९३ सालची संस्था आहे, तिथे एकोणिसाव्या शतकातलं असं गद्य वाचायला मिळतं की आजच्या पोरांना एक परिच्छेद पुरतो आठवडाभर.

बाकी टूल्सबद्दल थोडक्यात. हायपोथेसिस मला आवडतं, कुठल्याही वेबपेजवर खुणा करता येतात, म्हणजे बातमी, अग्रलेख, सरकारी वेबसाइटवरची अधिसूचना, काहीही. पण दोन गोष्टी. एक, आधी स्वतःचा प्रायव्हेट ग्रुप बनवा आणि पोरांना त्यातच लिहायला शिकवा, नाहीतर ती पब्लिकमध्ये लिहितात आणि ते जगाला दिसतं. दोन, तिथे नुसतं हायलाइट केलेलं फक्त करणाऱ्यालाच दिसतं, शिक्षकाला नाही, त्यामुळे पोरगं शपथेवर सांगतं मी केलंय आणि तुम्हाला कोरं पान दिसतं. शिवाय ते क्रोमचं एक्स्टेंशन आहे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची सोय, आणि फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, त्यामुळे लॅबच्या तासालाच बरं. पेरुसॉल हार्वर्डमध्ये एरिक माझूर आणि मंडळींनी उभं केलं, कॉलेजच्या मोठ्या वर्गांसाठी, त्यात मुलांचा गोंधळ नेमका कशावर आहे याचा रिपोर्ट तयार मिळतो, ते छान आहे. पण त्यात कमेंटना मशीनने मार्क द्यायची जी सोय आहे ती मी वापरणार नाही, पोरं मग मशीनसाठी लिहायला लागतात. कामी पीडीएफवर पेनाने गिरवायला चांगलं, स्कॅन केलेल्या कवितेवर बाण-वर्तुळं काढायची तर तेच लागतं, फुकटात मर्यादा आहेत.

फोनचं म्हणाल तर तुमच्याकडची पोरं घणसोली, रबाळे, कळवा, दिव्याहून येत असणार, गाडीत उभ्या उभ्या कमेंट टाकतात, मला माहितीये, रात्री साडेअकराला आलेल्या आणि सकाळी पावणेसातला आलेल्या कमेंटची भाषाच वेगळी असते. काही घरांत एकच फोन आणि तो बाबा कामावर घेऊन जातात. त्यांच्यासाठी तोच उतारा झेरॉक्सवर द्या, उजवीकडे अर्धं पान कोरं सोडून. समासात पेनाने लिहू दे, आणि गटातल्या दुसऱ्याने त्याचा फोटो डॉकमध्ये खाली चिकटवायचा. त्यांना कमी लेखायचं काहीच कारण नाही, उलट लांब मजकूर मी सगळ्यांनाच कागदावर देतो. २०१८ साली पाब्लो डेलगाडो हे संशोधक आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघितले होते, त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचं आकलन स्क्रीनवर वाचणाऱ्यांपेक्षा बरं निघालं, आणि वेळेचं बंधन असेल तर फरक जास्त. म्हणून धडा कागदावर, आणि त्यातला जो कठीण परिच्छेद आहे तेवढाच डॉकमध्ये.

एआयचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण येणारच. "सदर ओळीतून लेखकाने मानवी मूल्यांचे प्रभावी दर्शन घडवले आहे" असली कमेंट आली की समजायचं. मी रागावत नाही, वर्गात त्याला उभं करून विचारतो, सदर ओळीतला कुठला शब्द? पुढच्या वेळी कमेंट छोटी येते, व्याकरण चुकलेलं असतं आणि त्याची स्वतःची असते. मार्कांचं म्हणाल तर कमेंट मोजू नका, मोजल्या की वाढतात आणि पातळ होतात. मी महिन्यातून एकदा प्रत्येकाला स्वतःची सगळ्यात चांगली एक कमेंट निवडून पाठवायला सांगतो, ती वाचतो, तेवढ्यावर मार्क. पंचाहत्तर पोरांच्या सगळ्या कमेंट वाचणं अशक्य आहे, तास घ्यायच्या आधी मी फक्त "अडलो" शोधतो, डॉकच्या कमेंटच्या यादीत सर्चची सोय आहे. कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतल्या, अपठित उताऱ्याला याचा फायदा दिसतो, विशेषतः स्वमताच्या प्रश्नात, "लेखकाने म्हटल्याप्रमाणे" च्या पुढे खरंच लेखकाने म्हटलेलं काहीतरी येतं.

लिंक शेअर करताना "लिंक असलेल्या कुणालाही" हा पर्याय टाळा, ती लिंक दुसऱ्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते आणि मग निनावी कमेंटमध्ये काय काय येतं ते सांगत नाही. कॉलेजचे अकाउंट असतील तर त्यावरच करा. आणि तुमची पोरं सोळा-सतराची आहेत, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं ते मूल, आणि मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. त्यामुळे नव्या कुठल्या वेबसाइटवर पोरांचं नाव, नंबर टाकून अकाउंट काढायच्या आधी प्रिन्सिपलांशी बोला, पालकांकडून सही घ्या.

ती सही घ्यायला पालकांना बोलवाल ना, तेव्हाच त्यांच्या मोबाइलवाल्या प्रश्नाचंही उत्तर द्या, पण भाषण देऊन नको. उद्देशिकेचं डॉक त्यांच्यासमोर उघडा आणि देणारं कोण, घेणारं कोण हा प्रश्न त्यांनाच विचारा. माझ्याकडे एका सभेत दोन वडील यावरून इतके वाद घालायला लागले की शेवटी शिपाई दिवे बंद करायला आला.